वाहतं नाक बंद झालं आणि खोकला सुरू झाला

रुग्ण स्त्री, वय ४४. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, कपाशीच्या पट्ट्यातलं. पावसाळ्यात निंदण, दसऱ्यापासून वेचणी आणि दिवाळी झाली की होळीपर्यंत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, रोजंदारी. तक्रार एवढीच की दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, दिवसा कमी आणि रात्री आडवं झालं की सुरू. ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. ओपीडीत मी त्यांना मावशी म्हणत होते, इथेही तेच म्हणते.

कान-नाक-घशाच्या ओपीडीत मावशी फेब्रुवारीच्या सुरुवातीला आल्या, त्या बरीच दारं फिरून. आधी गावातल्या सुईवाल्याकडे. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे थुंकी तपासली, जे बरोबरच होतं. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटला की टीबी आहे की नाही हे आधी पाहायचं, त्यात तडजोड नाही. तपासणी निगेटिव्ह आली, छातीचा एक्स-रेही स्वच्छ निघाला. मग दमा असावा म्हणून तोंडातून ओढायचा पंप दिला गेला. महिनाभर ओढूनही खोकला तसाच. घरात कुजबुज सुरू झाली होती. रिपोर्ट काहीही म्हणो, बाईला टीबीच आहे असं शेजारणींनी ठरवून टाकलं होतं आणि मावशींचं ताट-पेला वेगळा झाला होता.

नाकाच्या डॉक्टरकडे जा असं सुचवलं ते आशाताईने. कारण विचाराल तर तिने एकच गोष्ट पाहिली होती: मावशी गप्प बसलेल्या असल्या तरी तोंड उघडं असतं. मला हे निरीक्षण त्या सगळ्या फायलीपेक्षा मोलाचं वाटलं. नवऱ्याला मात्र पटलं नव्हतं. "खोकल्याच्या बाईले नाकाच्या डॉक्टरकडं काहून धाडलं?" असं त्यांनी मलाच विचारलं.

मी मावशींना विचारलं, "नाकाची काही तक्रार?"

"नाही जी मॅडम. नाक तं ठणठणीत कोरडं हाये. औषध टाकतो न मी."

आणि पिशवीतून प्लास्टिकची छोटी बाटली बाहेर आली. झायलोमेटाझोलीनचे थेंब, मोठ्यांसाठीचे, ०.१ टक्क्याचे. बाटली जवळपास रिकामी होती.

खोकल्याच्या आधीचं

इथून पुढे खोकला बाजूला ठेवून नाकाचीच हकिगत ऐकली. जिनिंगमध्ये मावशींचं काम मशीनवरचं नव्हतं. बायकांना तिथे बहुतेक झाडलोटीचं आणि निवडायचं काम असतं. डबल रोलर जिनच्या रांगेखाली सांडलेली रुई गोळा करायची, कापसाच्या ढिगातून कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, आणि काडीकचरा वेगळा काढायचा. म्हणजे जिथे धूळ सगळ्यात जास्त बसते आणि उडते, नेमकी तिथे वाकून आठ-दहा तास. शेडला वर झरोके होते, पण धूळ ओढून घेणारा पंखा नव्हता. तोंडाला पदर.

सीझन सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शिंका आणि पाण्यासारखं नाक. "जिनिंगमंदी पाय ठेवला का नाक गयते पान्यावानी. मुकादम म्हने, बाई, रुईवर शेमूड सांडशीन." मुकादम हे हसत म्हणाला असेल, पण मावशींना लाज वाटली. रोज बुडायची भीतीही होतीच. मेडिकलवाल्याने बाटली दिली. "दोन थेंब टाकले का नाक मोकयं. जादूच वाटली मले."

जादू पहिल्या आठवड्यात खरीच होती. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, सूज ओसरते, वारा मोकळा जातो. सकाळी दोन थेंब, मग दुपारीही, मग रात्री झोपताना. डिसेंबर लागेस्तोवर दोन्ही नाकपुड्यांत तीन-तीन थेंब, दिवसातून पाच-सहा वेळा. दहा मिलीची बाटली आठवड्याला संपायची. शिवाय सुईवाल्याच्या पुडीत सर्दीच्या गोळ्या होत्या, त्याही नाक सुकवणाऱ्या. खोकला याच सुमाराला सुरू झाला. पण दोन्हींचा संबंध कोणी लावला नाही, कारण नाक "बरं" झालेलं होतं. मावशींनीही कुठल्याच डॉक्टरला थेंबांबद्दल सांगितलं नव्हतं. मेडिकलमधून आणलेल्या थेंबांना औषध धरत नाहीत आपल्याकडे. औषध म्हणजे चिठ्ठीवरचं.

बीपी मोजला तर १४८/९४. आधी कधी वाढलेला नव्हता.

नाकात काय दिसलं

उपकरणाने नाकपुडी जरा फाकवून उजेड टाकला तर आतली खालची वळकटी विटकरी लाल, सुजून पार मधल्या पडद्याला टेकलेली. पाण्याचा थेंब नाही. त्याऐवजी नाकाच्या तळाशी फेविकॉलसारखे चिकट धागे एका भिंतीकडून दुसरीकडे ताणलेले. पडद्याच्या पुढच्या भागावर खपली होती. ती ओल्या कापसाने हलकेच सोडवून टेबलावरच्या पांढऱ्या गॉजवर ठेवली. तपकिरी खपलीत रुईचे तीन-चार तंतू रुतलेले, एका टोकाला पानाचा चुरा आणि सगळ्यावर काजळीची करडी झाक. काजळी चुलीची. घरात सिलेंडर आहे, पण तो चहापुरता. भाकरी आणि आंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर.

ती खपली मी मावशींना आणि त्यांच्या सुनेला दाखवली. मावशींनी तोंड वेडंवाकडं केलं. मी म्हटलं, हा कचरा नाकाने पकडलाय, पण त्याला तो बाहेर नेता आला नाही. तिथेच पडून राहिलाय.

घशाच्या मागच्या भिंतीवर दाणे उठलेले आणि वरून उतरलेला चिकट ओघळ स्पष्ट दिसत होता. छाती स्टेथोस्कोपला मोकळी.

काही गोष्टी नाहीत ना, हे पाहणं गरजेचं होतं. पॉलिप, म्हणजे नाकात वाढणारा मऊ कोंब, नव्हता. तळ्यात आंघोळ करणाऱ्यांच्या नाकात स्ट्रॉबेरीसारखी लाल, सहज रक्त येणारी गाठ होते, ऱ्हायनोस्पोरिडिऑसिसची. छत्तीसगडात हा आजार बराच आहे आणि विदर्भातून आलेल्या रुग्णात तो डोक्यात ठेवावाच लागतो. ती नव्हती. पीनस नव्हता. पीनसात नाक आतून रुंद होतं, हिरव्या खपल्या साचतात, जवळच्या माणसाला घाण वास येतो आणि रुग्णाला स्वतःला येत नाही. त्या वासावर माशी बसून नाकात किडे पडल्याचे रुग्ण ग्रामीण भागात आजही येतात. मावशींचं नाक उलट सुजून अरुंद झालं होतं.

जिनिंगची बाई म्हटल्यावर बिसिनोसिसचं विचारणं आलंच. कापसाच्या धुळीने होणारा हा छातीचा आजार कायद्याने व्यावसायिक आजारांत धरलेला आहे. त्याची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि मग आठवडाभरात हळूहळू सैल पडते. तो मुख्यतः सूतगिरणीतल्या पिंजण-विभागात दिसतो, पण जिनिंगचे कामगारही त्यातून सुटलेले नाहीत. मावशींना तसं काही होत नव्हतं. फुंकर किती जोरात बसते ते मोजणारं पीक फ्लो मीटर आठवडाभर घरी दिलं, कामावर जाण्याआधी आणि आल्यावर फुंकायला सांगितलं. आकड्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. दमाही मागे पडला.

सॅकरिनचा दाणा

नाकाची सफाई चालू आहे की बंद, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. मधुमेहाचे रुग्ण चहात टाकतात ती सॅकरिनची गोळी घ्यायची, तिचा मोहरीपेक्षा लहान दाणा करायचा आणि नाकपुडीत पुढच्या टोकापासून साधारण एक सेंटीमीटर आत, खालच्या वळकटीवर ठेवायचा. मग मान किंचित पुढे, शिंकायचं नाही, नाक ओढायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. शेंबडाचा थर तो दाणा विरघळवत मागे नेतो आणि घशात पोचला की गोड लागतं. निरोगी नाकात याला वीस मिनिटांच्या आत वेळ लागतो. तीस मिनिटं उलटली तर सफाईत बिघाड आहे असं धरायचं.

मावशींना बाहेरच्या बाकावर बसवलं. सुनेला कुतूहल, म्हणून तिच्याही नाकात दाणा ठेवला. सून बारा मिनिटांत म्हणाली, "गोड लागलं." मावशी वाट पाहत बसल्या. वीस झाली. तीस झाली. नवरा दोनदा येऊन विचारून गेला की अजून इंजेक्शन का देत नाही. "मॅडम, आत्ता लागलं वाटते," असं मावशी म्हणाल्या तेव्हा एक्कावन्न मिनिटं झाली होती. त्यांना सॅकरिनची चव कळते ना, याची खात्री नंतर जिभेवर दाणा ठेवून केली. ही चाचणी शंभर टक्के बिनचूक नाही. सुजलेल्या नाकात दाणा नीट बसत नाही आणि रुग्णाने नकळत नाक ओढलं तर वेळ कमी भरतो. पण बारा आणि एक्कावन्न यांतला फरक बाकावर बसलेल्या तिघांनाही कळला, आणि समजावण्याचं माझं निम्मं काम त्या दाण्याने केलं.

शेंबूड काय करत असतो

आपल्याकडे शेंबूड हा शब्दच शिवीच्या कुळातला. शेंबडं पोर म्हणजे काहीच न कळणारं. त्यामुळे नाकातून जे येतं ते शरीरातून बाहेर पडलेली घाण, आणि ती थांबली म्हणजे बरं वाटलं, असा हिशेब पक्का झालेला असतो. नाकाचा हिशेब वेगळा आहे.

निरोगी माणसाचं नाकही दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर स्राव तयार करतं. आपण तो गिळतो, म्हणून कळत नाही. त्यात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी, थोडे क्षार आणि म्युसिन नावाची प्रथिनं, ज्यांच्यामुळे चिकटपणा येतो. शिवाय जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम, जंतूंना लोह मिळू न देणारं लॅक्टोफेरिन आणि आयजीए ही अँटिबॉडी. लायसोझाइमचा शोधच मुळी शेंबडातून लागला. १९२१ च्या नोव्हेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सर्दीने बेजार होता. स्वतःच्या नाकातला स्राव त्याने बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाकून पाहिला, तर आसपासचे जंतू विरघळून गेले. १९२२ मध्ये त्याने ते छापलं. पेनिसिलिन त्यानंतरचं, १९२८ चं. जगाने पेनिसिलिन लक्षात ठेवलं, शेंबूड विसरलं.

पण या गोष्टीत जास्त महत्त्वाची आहे ती रचना. शेंबडाचे थर दोन. खाली पातळ, पाण्यासारखा. त्यावर दुधावर साय तरंगावी तसा चिकट. नाकाच्या अस्तरातून सूक्ष्म केस निघतात, ते पातळ थरात बुडालेले असतात आणि त्यांची टोकं फक्त वरच्या सायीला लागतात. सेकंदाला दहा ते वीस वेळा ते एकाच दिशेला फटकारतात आणि साय मागे, घशाकडे सरकत राहते, मिनिटाला पाच ते दहा मिलिमीटर. दहा-वीस मिनिटांत नाकातली अख्खी साय बदलते. रुईचा तंतू, पानाचा चुरा, मिरचीची पूड, परागकण, विषाणू, जे चिकटलं ते तिच्याबरोबर घशात आणि तिथून पोटात, जिथलं आम्ल बहुतेकांचा निकाल लावतं.

हे चालतं ते खालचा थर पातळ असेपर्यंतच. पाणी कमी पडलं की साय केसांवर बसते, केस तिच्यात रुततात, फटकारणं थांबतं. जागच्या जागी सुकून तिची खपली होते. मावशींच्या नाकात हेच झालं होतं, आणि ते तीन बाजूंनी घडवून आणलं होतं. सर्दीच्या गोळ्यांनी स्राव कमी केला. थेंबांनी रक्तपुरवठा वारंवार तोडला. आणि थेंबांची बाटली खराब होऊ नये म्हणून त्यात घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड रोज पाच-सहा वेळा अस्तरावर पडत होतं, जे त्या केसांना मानवत नाही.

त्यावर थेंबांचा उलटा फटका. आकसलेल्या रक्तवाहिन्या असर उतरला की पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. मग आणखी थेंब. काही दिवसांनी तेवढ्याच थेंबांनी तेवढा असर होत नाही, म्हणून संख्या वाढते. याला ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात, म्हणजे औषधाने झालेली सर्दी. हे थेंब पाच दिवस, फार तर सात, याच्या पुढे टाकायचे नाहीत हे बाटलीबरोबरच्या कागदावर असतं. कागद खोक्यात राहतो आणि खोकं दुकानात.

मग खोकला कशाने

दोन कारणांनी, आणि दोन्ही नाकातूनच निघतात. चिकट झालेला स्राव ओघळत घशाच्या मागच्या भिंतीवर अडकतो, आडवं झालं की जास्त, म्हणून रात्रीचा खोकला. दुसरं, नाक बंद असल्यामुळे मावशी तोंडाने श्वास घेत होत्या. नाकातून गेलेली हवा घशात पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाजवळ येते आणि दमट होते. दहा मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे बहुतेक कण नाकातच अडकतात. तोंडाला हे जमत नाही. जिनिंगमधली धूळ आणि चुलीपुढचा धूर थेट खाली जात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाक निरोगी असलं तरी चुलीच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण त्याच्या हाती फारसे लागत नाहीत, ते फुप्फुसात उतरतातच. नाक जपलं म्हणून चुलीचा प्रश्न सुटत नाही. मावशींना मी ते तसंच सांगितलं. सिलेंडर भरण्याच्या पैशांवर मात्र माझ्याकडे औषध नव्हतं.

उपचार, आणि त्यातली ओढाताण

थेंब बंद करायचे, हा खरा उपचार. बाकी सगळं ते बंद करता यावेत म्हणून. एकदम बंद केले तर पहिले चार-पाच दिवस दोन्ही नाकपुड्या ठार बंद होतात, झोप लागत नाही, आणि रात्री दोन वाजता माणूस बाटली शोधतोच. म्हणून आधी उजवी नाकपुडी सोडवायची ठरली. डाव्या बाजूला थेंब चालू, उजवीकडे एकही नाही. दोन्ही बाजूंना फ्लुटिकासोनचा स्टिरॉइड स्प्रे, सकाळी. स्टिरॉइड म्हटल्यावर नवरा दचकला. सूज यायची, हाडं ठिसूळ व्हायची, असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं. नाकात मारलेला स्प्रे जवळपास तिथल्या तिथेच काम करतो, आणि थेंबांसारखा तो लगेच मोकळं करत नाही, आठवडा तरी लागतो, हे दोन्ही आधीच सांगितलं. नाहीतर "ह्या स्प्रेत काई दम नाई" म्हणून तो तिसऱ्या दिवशी कोनाड्यात पडतो.

दुसरं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी उकळून कोमट केलेलंच, हे मी दोनदा सांगते. विहिरीचं, टाकीचं, माठातलं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. केरळमध्ये अलीकडे मेंदू खाणाऱ्या अमिबाचे रुग्ण निघाले, त्याची वाट नाकातल्या पाण्यातूनच जाते. पावशेर, म्हणजे अडीचशे मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. सुनेने चव घेऊन म्हटलं, "डोयातल्या पान्यावानी लागते." अगदी बरोबर प्रमाण. साध्या पाण्याने नाक चुरचुरतं, या पाण्याने नाही. वीस मिलीची सिरिंज, सुई काढलेली. मान वाकवून एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून येऊ द्यायचं, तोंड उघडं. कामावरून आल्यावर एकदा आणि झोपण्याआधी एकदा.

नाकात कोमट तूप किंवा तेल सोडू का, हे सासूबाईंच्या वतीने सुनेने विचारलं. नाकाच्या तोंडाशी, खपली येते तिथे, बोटाने हलकं तूप लावायला माझी हरकत नाही. पण झोपताना तेल आत सोडायला आहे. ते थेंबाथेंबाने फुप्फुसात उतरलं तर तिथे वेगळाच न्यूमोनिया होतो आणि एक्स-रे पाहून पुन्हा टीबीची शंका येते.

अँटिबायोटिक दिलं नाही. मावशी म्हणाल्या, कधी कधी हिरवं पडते. हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या मायलोपेरॉक्सिडेज या हिरव्या विकराचा असतो. पेशी लढायला जमल्या आहेत एवढंच तो सांगतो. समोर विषाणू आहे, जिवाणू आहे की धूळ, ते रंगावरून ठरत नाही. ताप नव्हता, गालावर एका बाजूला दुखत नव्हतं, दात दुखत नव्हते.

मास्कबद्दल बोलणं झालं ते मुकादमाशी, फोनवर. यवतमाळात २०१७ च्या फवारणीच्या विषबाधेनंतर तोंडा-नाकावर काही बांधायला हवं हे कोणाला पटवावं लागत नाही. फक्त ते फवारणीपुरतं पटलेलं आहे. कापूस म्हणजे घरचाच, त्याला काय भ्यायचं, असं त्याचं म्हणणं. एन-९५ मास्क घालून आठ तास वाकून काम जमत नाही हे मावशींचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी झाडताना मास्क आणि निवडताना दुपदरी सुती कापड, एवढ्यावर जमलं. सुती कापड बारीक धूळ थांबवत नाही, पण तंतू आणि काडीकचरा अडवतं, आणि मावशींच्या नाकाला त्याचाच त्रास जास्त होता. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायला मुकादम तयार झाला नाही, ओली रुई दर पाडते म्हणून. त्याच्या बाजूने तेही खरं.

पुढे काय झालं

उजवी नाकपुडी पाचव्या-सहाव्या दिवशी मोकळी व्हायला लागली. आठवड्याने डाव्या बाजूचे थेंब बंद केले. त्यानंतरच्या रात्री मावशींनी चोरून बाटली वापरल्याचं सुनेने सांगितलं, आणि बाटली मोरीत रिकामी केल्याचंही तिनेच. घरात यावरून दोन दिवस अबोला होता. बीपी दोन आठवड्यांनी १३२/८४. तो थेंबांमुळेच वाढला होता असं मी छातीठोक सांगणार नाही, पण रक्तवाहिन्या आकसवणारं औषध रोज एवढं जात असेल तर बीपी मोजल्याशिवाय राहू नये.

पंधराव्या दिवशी रात्रीचा खोकला निम्म्यावर आला होता, तोही सीझन चालू असताना. सहा आठवड्यांनी खोकला नव्हता. सॅकरिन अठरा मिनिटांत गोड लागलं. पंप बंद केला. पण तोपर्यंत होळी होऊन जिनिंगही बंद झालं होतं, तेव्हा धूळ थांबल्यामुळेच बरं वाटलं अशी शंका घ्यायला जागा होती.

मधल्या उन्हाळ्यात एकदा घोळणा फुटला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारची हवा इतकी कोरडी की नाकाचं पुढचं टोक तडकतं, आणि रक्तवाहिन्यांचं जाळं नेमकं तिथेच असतं. मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतायची पद्धत आहे. त्यात रक्त घशात जातं. मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचा, हे सुनेला पाठ करून घेतलं होतं, तिने तेच केलं. नाकाच्या तोंडाशी तूप लावणं आणि मिठाचं पाणी चालू ठेवलं.

खरी परीक्षा पुढच्या नोव्हेंबरात झाली. जिनिंग सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात मावशी आल्या, जरा रागातच. "मॅडम, खोकला नाही, पन नाक पुन्हा वायते ना. मंग काय फायदा झाला?"

नाक पाहिलं. अस्तर फिकट, ओलं, थोडं सुजलेलं. स्राव पाण्यासारखा, धागे नाहीत, खपली नाही. सॅकरिन चौदा मिनिटं. धुळीची ॲलर्जी होती ती आहेच, ती जाणार नव्हती. पण नाक वाहत होतं म्हणजे धुवून काढत होतं. मी म्हटलं, मावशी, एवढं वाहू द्या. फार झालं, शिंकांनी काम सुचेना, तर रात्री सेट्रिझिनची एक गोळी घ्या, आणि स्प्रे सीझन सुरू व्हायच्या दोन आठवडे आधीच सुरू करत जा. रुमाल दोन ठेवा. मुकादमाला मी सांगते.

मावशींचं समाधान पूर्ण झालं नाही. त्यांना कोरडं नाक हवं होतं. त्यांच्या जागी कोणालाही हवं असतं, कारण वाहणारं नाक चारचौघांत दिसतं आणि बंद पडलेली सफाई दिसत नाही. त्याच मेडिकलच्या काउंटरवर लहान पोरांसाठीही मोठ्यांचेच थेंब उचलले जातात, कारण ते "जोरात लागतात". मुलांसाठी सहसा निम्म्या ताकदीचे, ०.०५ टक्क्याचे, आणि तेही डॉक्टरने सांगितल्याशिवाय नकोत. फार लहान बाळाला हे थेंब मुळीच नाहीत. त्याला मिठाच्या पाण्याचे थेंब आणि मऊ कापडाची वात पुरते. सर्दी सात-दहा दिवसांत आपली आपण जाते. तेवढे दिवस पोराचं नाक पुसत राहणं हाच उपचार आहे, आणि तो विकता येत नाही.

आता तिसरा सीझन चालू आहे. मावशी त्याच जिनिंगमध्ये आहेत, नाक धुतात, थेंब पुन्हा आणलेले नाहीत. सून वेचणीच्या दिवसांत स्वतःही मिठाचं पाणी वापरते, आशाताईने ते आणखी चार घरांत पोचवलं. शेडमध्ये पंखा अजून बसलेला नाही. कापसाच्या धुळीचा छातीवरचा परिणाम यायला वर्षं लागतात आणि तो सुरुवातीला सुट्टीनंतरच्या एका दिवसापुरताच असतो, म्हणून दर होळीनंतर मावशींची फुप्फुसाची तपासणी करायची ठरली आहे. यंदाची व्हायची आहे.